ट्रायपॉड नेमका कोणासाठी?

फोर्टातल्या बोरा बाजारात ट्रायपॉड मागितला की पहिला प्रश्न येतो, “बजेट किती?” त्याचे उत्तर माझ्याकडे तयार आहे. तरीही मी दुकानात जायचे लांबवतो आहे, कारण त्याच्या आधीचा प्रश्न सुटलेला नाही. हा ट्रायपॉड मला कशासाठी हवा आहे? मनाला विचारायचे आणि खरे तेच बोलायचे. समोर ऐकायला कोणी नसताना खोटे बोलून मिळायचे तरी काय?

गरज खोटी नाही, हे आधी सांगून टाकतो. मॅक्रोमध्ये, म्हणजे लहान जिवांचे अगदी जवळून, एकास एक प्रमाणात फोटो काढताना एफ ११ वर ठेवले तरी फोकसमध्ये राहणारी जाडी जेमतेम सव्वा मिलिमीटर. नुसता श्वास घेतला तरी अळीचा डोळा त्या पट्टीच्या बाहेर जातो. वर लेन्स इतकी जवळ आणली की उजेड दोन स्टॉपने घटतो, शटर मंदावते आणि हाताचा सगळा कंप फोटोत उतरतो. उडणाऱ्या माशीसाठी किंवा वाऱ्यावर डोलणाऱ्या फुलासाठी ट्रायपॉड कामाचा नाही, तिथे फ्लॅशच हवा. पण अंडे, कोष, कुंडीतली भूछत्री, पानावर निवांत बसलेली अळी यांना तीन पायांचा आधार लागतोच.

माझे काम बहुतेक आमच्या लालबागच्या चाळीतल्या गॅलरीतच चालते. कढीपत्त्याच्या कुंडीवर कॉमन मॉर्मन नावाचे काळे फुलपाखरू अंडी घालते. त्याचा मोठा भाऊबंद ब्लू मॉर्मन २०१५ पासून महाराष्ट्राचे राज्य फुलपाखरू आहे, पण कुंडीवर येणाऱ्याला तसला मान नाही. अळी लहान असताना हुबेहूब पक्ष्याच्या विष्ठेसारखी दिसते, नंतर हिरवी होते. हिरव्या अळीला डिवचले की डोक्यामागून लाल, दुभागलेले शिंग बाहेर येते आणि उग्र वास सुटतो. ती तिची भीती. तो फोटो मला हवा आहे का? हवा आहे. कोणाचाही असा फोटो पाहिला की माझा हात पहिल्यांदा ‘छान’ म्हणायलाच उठतो, मग आठवते की कॅमेऱ्यामागच्याने एका हाताने काडी धरली असणार. कॅमेरा ट्रायपॉडवर बसला की दुसरा हात मोकळा होतो, हेही मला ठाऊक आहे. त्या मोकळ्या हाताचे मी काय करणार, याचा जबाब दुकानदार मागणार नाही.

फोकस स्टॅकिंगमध्ये हा मोह आणखी वाढतो. फोकस किंचित सरकवत एकाच जिवाचे कितीतरी फोटो घ्यायचे आणि ते जोडायचे, म्हणजे तेवढा वेळ त्याने हलता कामा नये. कीटक फ्रिजमध्ये ठेवून गारठवणारे आणि मारून सुईवर टोचणारे लोक आहेत. मी त्यांना नावे ठेवतो. पण जो हलेल त्याचा एकच फोटो घ्यायचा आणि बाकीच्यांवर पाणी सोडायचे, एवढी तयारी माझी आहे का? नसेल, तर माझ्या नावे ठेवण्याला किंमत शून्य.

आता कार्बन फायबर. तो हलका असतो, त्यात कंप जरा लवकर विरतो, आणि किंमत ऐकून घरच्यांना सांगायची हिंमत होत नाही. हलकेपणाचा उपयोग हरिश्चंद्रगड चढणाऱ्याला. मला नेऊन नेऊन न्यायचा कुठे? गॅलरीत, नाहीतर भायखळ्याच्या राणीबागेत, फार तर माहीमच्या निसर्ग उद्यानात. मग तोच का हवा? कारण पाचजणांत तो उघडला की लोक माझ्याकडे नव्याने पाहतील. कारण शोधत गेलो तर शेवटी हेच हाताला लागते.

याच शहरात एका माणसाने कॅमेऱ्यासाठी यापेक्षा फार मोठी जोखीम घेतली होती. दादासाहेब फाळके यांनी १९११ साली गिरगावात ख्रिस्ताच्या जीवनावरचा चित्रपट पाहिला, विमा पॉलिसी गहाण ठेवली, १९१२ साली लंडनला जाऊन विल्यमसन कॅमेरा आणला आणि दादरला बिऱ्हाड केले. त्या कॅमेऱ्यासमोर त्यांनी कुंडीतला वाटाणा ठेवला. कॅमेरा जागचा हलू न देता ठरावीक अंतराने एकेक चौकट घेतली आणि बी रुजून वेल वर येताना पडद्यावर दिसली. ‘अंकुराची वाढ’ हे त्या फिल्मचे नाव. पैसे घालणाऱ्याची खात्री पटावी म्हणून हा खटाटोप होता. म्हणजे त्यांनाही कोणाला तरी दाखवायचेच होते. दाखवण्याची इच्छा काही पाप नाही. पण पाहणाऱ्याने अंकुर पाहावा अशी त्यांची धडपड होती. माझे मन मात्र ट्रायपॉडच्या नावापाशी अडकले आहे.

आणि ट्रायपॉड आला तरी कॅमेरा जागचा हलणार नाही असे नाही, कारण आमची गॅलरी लाकडी तुळयांवरची. शेवटच्या खोलीतून कोणी बादली घेऊन निघाले की कॅमेऱ्याच्या पडद्यावर अळी थरथरू लागते. कीटक पहाटे गारव्याने सुस्त असतात, पण पहाट म्हणजे आमच्याकडे पाण्याची वेळ. पिंपे, हंडे, आंघोळीची घाई, आणि वाटेत माझे तीन पाय पसरलेले. “शूटिंग आहे का रे?” असे विचारत शेजारच्या काकू भरला हंडा सावरत वळसा घालतात. गॅलरी सगळ्यांची आहे. माझ्या फोटोसाठी त्यांनी का थांबावे? मी दुपारी थांबावे, जेवणे आटोपून सगळे आडवे झाल्यावर. ऊन कडक असते, तर छत्री धरावी.

एवढे कबूल केल्यावर निवड सोपी झाली. ॲल्युमिनियमचा, जड, जुना मिळाला तरी चालेल. पायांचे टप्पे तीनच, कारण चौथा-पाचवा टप्पा काडीएवढा बारीक होतो. मधला दांडा नको. तो वर काढला की सगळा ट्रायपॉड डुलतो आणि खाली असला की कॅमेऱ्याला कुंडीच्या बुंध्यापर्यंत उतरू देत नाही. पाय जमिनीलगत आडवे होतील इतके पसरले पाहिजेत. उरलेल्या पैशांत गिअर्ड हेड, कारण साधे बॉल हेड घट्ट केले तरी जड लेन्सने किंचित खाली झुकते आणि मॅक्रोत तेवढ्याने चौकट बदलते.

तुम्हीही घ्यायला निघाला असाल तर आपला कॅमेरा आणि लेन्स बरोबर न्या. दुकानातच पाय पूर्ण पसरवा, कॅमेरा चढवा, पडद्यावर चित्र मोठे करा आणि एका पायाला टिचकी मारा. चित्र किती वेळ थरथरते ते पाहा, मगच किंमत विचारा.