सहल बंद करून कोण सुरक्षित होतं?

दिवाळीची सुट्टी संपून शाळा भरल्या की जळगावजवळच्या आमच्या असोद्यात सहलीचा विषय निघतो. कुठे जायचं, किती पैसे भरायचे, मुक्काम आहे का, मुलींसोबत कोणत्या मॅडम येणार. मग एका पहाटे अंधारातच एसटीची गाडी शाळेसमोर येऊन उभी राहते. आयांनी दशम्या आणि शेंगदाण्याची चटणी फडक्यात बांधून दिलेली असते. मफलर गुंडाळलेला बाप खिडकीखाली उभा राहून पोराला एकच गोष्ट बजावतो: सरांचं ऐकजो.

त्या वाक्यात मुलाला ताकीद आहे आणि सरांवरचा विश्वासही. पण अपघात झाला की आपल्याला फक्त ताकीद आठवते. ‘पोरं ऐकत नव्हती’ हे पहिलं स्पष्टीकरण येतं आणि बहुतेक वेळा तिथेच विषय थांबतो. मला ते पटत नाही. बारा-चौदा वर्षांची मुलं पाणी दिसल्यावर धावणार, हे अगोदरच ठाऊक असतं. जे अगोदर ठाऊक आहे, त्याची तजवीज मोठ्यांनीच करायची असते.

१ फेब्रुवारी २०१६ रोजी मुरूडच्या समुद्रात पुण्याच्या एका महाविद्यालयाच्या सहलीतले १४ विद्यार्थी बुडाले. सहलीत शंभरावर विद्यार्थी होते, शिक्षकही सोबत होते. त्या घटनेनंतर राज्यभर परिपत्रकं निघाली, अटी वाढल्या, समुद्र, नद्या आणि तलाव टाळायच्या सूचना आल्या. पालकांचं संमतीपत्र आणि मुख्याध्यापकांचं हमीपत्र यांना महत्त्व आलं. कितीतरी शाळांनी ‘नकोच ती सहल’ म्हणून हात झटकले. त्या मुख्याध्यापकांची भीती खरी आहे, तिला मी नावं ठेवणार नाही. पण या सगळ्या कागदांतून पाण्याच्या काठावर एक तरी जास्तीचा माणूस उभा राहिला का, हे विचारायलाच हवं.

संमतीपत्रावर सही केली म्हणजे शाळेची जबाबदारी संपली, असा समज गावोगाव आहे. तो चुकीचा आहे. २८ मे १९९५ रोजी पठाणकोटजवळच्या डलहौसी पब्लिक स्कूलची मुलं ब्यास नदीवर सहलीला गेली आणि १४ मुलं बुडाली. प्रकरण सुप्रीम कोर्टापर्यंत गेलं. २००१ मध्ये कोर्टाने प्रत्येक मुलामागे ५ लाखांची भरपाई कायम केली आणि सोबतच्या शिक्षकांच्या निष्काळजीपणाची जबाबदारी शाळेवर टाकली. मूल शाळेच्या ताब्यात असेपर्यंत त्याला जपणं हे शाळेचं कर्तव्य आहे, ते बापाच्या सहीने फिटत नाही. शाळांनीही यातून एक गोष्ट घ्यावी. कागदाची फाइल जाड करण्यात जाणारा वेळ प्रत्यक्ष तयारीत घातला, तर मुलांचं भलं होईल आणि शाळेचंही.

प्रत्यक्ष तयारी म्हणजे काय, ते आपल्या जवळच्याच ठिकाणावर पाहू. जळगाव तालुक्यातल्या शाळांची हक्काची सहल अजिंठ्याची. फर्दापूर फाट्यावर आपली गाडी थांबते आणि तिथून लेण्यांपर्यंतचे चारेक किलोमीटर दुसऱ्या बसने जावं लागतं. गाव सोडताना केलेली मोजणी इथे मोडते. चाळीस मुलं एका बसमध्ये मावत नाहीत, काही पुढच्या बसमध्ये चढतात, काही मागे राहतात, एखादं पोरगं दुसऱ्याच शाळेच्या घोळक्यात शिरतं. वर पोचल्यावर शिक्षक तिकिटांच्या रांगेत, मुलं पायऱ्यांवर, खाली वाघूर नदी. अशा वेळी ‘सगळे आले का रे?’ असं ओरडून विचारलं की ‘हो सर’ असं एका सुरात उत्तर येतं. जो आलेला नाही, तो त्या सुरात नसतो आणि त्याची उणीव कोणाच्या कानाला जाणवत नाही.

म्हणून प्रत्येक शिक्षकाकडे ठरलेली आठ-दहा मुलं हवीत, त्यांची नावं त्याच्या खिशातल्या चिठ्ठीवर हवीत आणि गाडी बदलताना, उतरताना, जेवणानंतर नाव घेऊन हजेरी व्हायला हवी. वेळ जातो, मुलं कंटाळतात, तरीही. दुसरी गोष्ट त्याहून अवघड आहे. एका माणसाने फक्त मुलांवर लक्ष ठेवायचं. त्याने तिकिटं काढायची नाहीत, फोटो काढायचे नाहीत, ड्रायव्हरशी हिशेब करायचा नाही. आपल्या सहलींत शिक्षक स्वयंपाकी असतो, खजिनदार असतो, गाइड असतो आणि फोटोग्राफरही. एवढी कामं अंगावर असलेल्या माणसाकडून नजर निसटली, तर तो दोष एकट्या त्याचा नव्हे.

पाण्याबाबत आपल्या खान्देशी मुलांची एक वेगळी गोष्ट आहे. विहिरीत सूर मारणारं, पाटाच्या पाण्यात वाढलेलं पोरगं स्वतःला पट्टीचा पोहणारा समजतं आणि विहिरीपुरतं ते खरंही असतं. विहिरीचं पाणी कोणाला ओढून नेत नाही. समुद्र ओढून नेतो, भरती-ओहोटीचा त्याचा हिशेब काठावरच्या कोळ्याला कळतो, आपल्याला नाही. आपल्या हतनूर धरणाचे दरवाजे उघडले की तापीत उतरायचं नसतं, हे इथल्या पोरासोरांना ठाऊक आहे. हैदराबादच्या इंजिनिअरिंगच्या मुलांना हिमाचलमधल्या लारजी धरणाची तशी माहिती कुठून असणार? ८ जून २०१४ रोजी वरून पाणी सोडलं गेलं आणि ब्यासच्या पात्रात उतरलेले २४ विद्यार्थी वाहून गेले. परक्या गावी गेल्यावर आधी तिथल्या माणसाला विचारावं, आणि त्याने नाही म्हटलं तर परत फिरावं.

‘नाही’ म्हणण्याचा हा अधिकार मला सगळ्यांत मोठा वाटतो. १८ जानेवारी २०२४ रोजी वडोदऱ्याच्या हरणी तलावात शाळेच्या मुलांची बोट उलटली. १२ मुलं आणि २ शिक्षिका गेल्या. बोटीत जास्त माणसं भरली होती आणि सगळ्यांच्या अंगावर लाइफ जॅकेट नव्हतं. हे उघड्या डोळ्यांना दिसत होतं. पण पैसे भरलेले, मुलं रांगेत उभी, वरिष्ठ सोबत. अशा वेळी नव्याने लागलेली शिक्षिका ‘मी मुलांना बसू देणार नाही’ म्हणाली, तर तिच्या पाठीशी कोण उभं राहतं?

इंग्लंडमध्ये मार्च १९९३ मध्ये लाइम बे इथे कयाक चालवायला नेलेली चार शाळकरी मुलं दगावली. त्यांना नेणाऱ्या साहसी खेळांच्या केंद्रातल्या प्रशिक्षकांनी नोकरी सोडताना तिथल्या ढिसाळपणाबद्दल लेखी इशारा आधीच दिला होता, तो कोणी मनावर घेतला नाही. पुढे केंद्र चालवणाऱ्या कंपनीच्या प्रमुखाला तुरुंगवास झाला आणि १९९५ मध्ये अशा केंद्रांना परवाना सक्तीचा करणारा कायदा आला. मुलांना पाण्यावर नेणं इंग्लंडने बंद केलं नाही, नेणाऱ्याची पात्रता तपासायला सुरुवात केली.

आपण मात्र बंदीकडे पटकन वळतो, आणि बंदीची झळ सगळ्यांना सारखी लागत नाही. ज्याच्या घरी गाडी आहे, तो मुलांना गोव्याला नेईल. केळीच्या बागेत मजुरीला जाणाऱ्या बाईची मुलगी समुद्र पाहील तो शाळेच्याच सहलीत. तिच्यासाठी तर मुक्कामाच्या खोलीला आतून कडी आहे का, रात्री मॅडम जवळपास झोपणार का, काही घडलं तर ती कोणाला सांगू शकेल, हे प्रश्न समुद्राइतकेच गंभीर आहेत. कवयित्री बहिणाबाईंच्या या गावात तरी त्या मुलीला ‘तू घरीच सुरक्षित’ असं सांगितलं जाऊ नये. शिवाय सहल बंद झाली म्हणून मुलं पाण्यापासून दूर राहत नाहीत. ती घरी न सांगता, कोणीही मोठं सोबत नसताना जातात.

तेव्हा यंदा संमतीपत्र घरी आलं की सही करण्याआधी शाळेत जाऊन या. माझं मूल कोणत्या शिक्षकाच्या यादीत आहे, गाडी रात्रीची चालणार आहे का, पाण्याजवळ फक्त लक्ष ठेवायला कोण उभं राहणार, हे विचारा. सोबतीला माणूस कमी पडत असेल, तर एक दिवसाची मजुरी बुडवून तुमच्यातलं कोणी गाडीत बसा. आणि एखाद्या शिक्षकाने ऐन वेळी बोट किंवा धबधबा रद्द केला, तर पोरं रडत घरी आली तरी त्याच्याशी भांडायला जाऊ नका.