शंकेचा धनी

आमच्या मुक्ताईनगर तालुक्यात गावाच्या तोंडाशी नवा माणूस दिसला, की पारावरून पहिला प्रश्न यायचा, "कोन्या गावचा रे भो?" त्यानं गाव सांगितलं की दुसरा, "कोनाकडे आला?" मग आडनाव, मग मामाचं गाव, मग तिथं यंदा कापूस कसा आहे इथपर्यंत चौकशी. कुठेतरी धागा जुळला की म्हातारा पोराला हाक मारायचा, "याले पानी दे." नाही जुळला तरी पाणी मिळायचंच, फक्त तो माणूस शिव ओलांडेपर्यंत दोन डोळे त्याच्या पाठीवर असायचे.

शहरातल्या माणसाला हे गोड वाटेल. पण ती सरळसरळ पाळत होती, आणि ती परक्यावर होती त्याहून जास्त घरच्यांवर होती. कॉलेजातून एस.टी.नं आलेली पोर फाट्यावर कुणाशी बोलली, हे ती घरी पोचायच्या आधी घरात पोचलेलं असायचं. तेव्हा जुन्या डोळ्याची आरती ओवाळायची मला हौस नाही. त्यात एकच गोष्ट धरून ठेवण्यासारखी होती. ज्याला शंका आली त्याला उठून, समोर उभं राहून, स्वतःच्या तोंडानं विचारावं लागायचं. शंका कुणाची ते साऱ्या गावाला ठाऊक असायचं. शंकेला धनी होता.

ही रीत जागल्याच्या कामात तर फारच कडक होती. गावाची राखण करणारा जागल्या खानदेशात पुष्कळ ठिकाणी भिल्ल असायचा. चोरी झाली की त्यानं पावलांचा माग काढायचा. माग दुसऱ्या गावच्या शिवेत गेला, तर पुढची जबाबदारी तिथल्या राखणदारावर. माग शिवेच्या आतच हरवला, तर चोरीची भरपाई राखणदाराच्या आणि गावाच्या गळ्यात. रात्रभर जागायचं त्यानं, आणि चुकलं तर भरायचंही त्यानंच. यात अन्याय होता, कारण ज्याला राखणीला ठेवायचं, त्याच्याच जातीला सगळ्यात आधी चोर म्हणायचं, अशी ती व्यवस्था. इंग्रजांनीही तेच केलं. ज्या भिल्लांचा पाठलाग चालला होता त्यांच्यातूनच 1825 मध्ये औट्रामनं धरणगावला भिल्ल पलटण उभी केली. पुढं 1871 च्या कायद्यानं जमातीच्या जमाती जन्मानं गुन्हेगार ठरवल्या, त्यांना हजेरी लावली. तो कायदा गेला 1952 मध्ये. कायदा गेला, नजर राहिली.

आता चौफुलीवर कॅमेरा आहे, सोनाराच्या दुकानावर आहे, ग्रामपंचायतीच्या खांबावर आहे. त्याला माझी हरकत नाही. विहिरीवरच्या मोटारीची केबल एका रात्रीत कापून नेतात, त्या शेतकऱ्याला कॅमेऱ्याबद्दल तत्त्वज्ञान सांगून काय उपयोग? पण कॅमेरा बघतो, विचारत नाही. मोबाईलवर आलेला निरोप तर बघतही नाही, नुसता ओरडतो. "सावधान, पोरं पळवणारी टोळी आपल्या भागात आली आहे." कुणी पाठवला? ज्यानं मला पाठवला, त्याला आणखी कुणीतरी पाठवलेला. वर चढत जावं तर माग कुठल्याच शिवेवर थांबत नाही.

2018 च्या उन्हाळ्यात असे निरोप घरोघरी होते. देशभर फिरलेल्या एका चित्रफितीत मोटारसायकलवरचे दोघं रस्त्यातून मूल उचलून नेताना दिसायचे. ती मुळात कराचीतल्या एका संस्थेनं पालकांना सावध करण्यासाठी बनवलेली. शेवटी ते दोघं मूल परत आणून सोडतात आणि सूचनेचा फलक दाखवतात. तेवढाच तुकडा कुणीतरी कापला होता. सावध करायला काढलेली फीत, आणि तिनंच माणसं मारली.

त्या वर्षी 1 जुलैला, रविवारी, धुळे जिल्ह्यातल्या साक्री तालुक्यात राईनपाड्याला आठवडे बाजार भरला होता. सोलापूर जिल्ह्यातल्या मंगळवेढ्याकडचे पाच जण तिथं आले होते. नाथपंथी डवरी गोसावी समाजाचे, भिक्षा मागून पोट भरणारे. त्यांच्यातला एक जण लहान मुलीशी बोलताना दिसला, एवढं पुरलं. बाजार त्यांच्यावर उलटला. त्यांना ग्रामपंचायतीच्या खोलीत नेलं, आणि तिथंच जमावानं त्यांना मारून टाकलं. पाचही. मारताना मोबाईलवर चित्रण चालू होतं, म्हणजे बघणाऱ्यांची काही कमी नव्हती. त्याच महिन्यात व्हॉट्सॲपनं आपल्या देशात एक निरोप एका वेळी पाचच ठिकाणी पाठवता येईल अशी मर्यादा आणली. दोन वर्षांनी, 16 एप्रिल 2020 च्या रात्री, पालघरमधल्या गडचिंचल्याला दोन साधू आणि त्यांचा गाडीवान असेच चोरांच्या अफवेत मारले गेले. तिथं तर पोलीसही हजर होते.

एका तरण्या पोरानं मला विचारलं होतं, "काका, इचारत बसलो अन तो खरंच पोरगं घेऊन पळाला तर?" प्रश्न खोटा नाही. बापाच्या काळजाला तत्त्व कळत नाही. पण राईनपाड्यात ते पाच जण कुठं पळणार होते? दार लावलेल्या खोलीत होते. विचारायला वेळ होता, मंगळवेढ्याला फोन लावायला वेळ होता, पोलिसांची वाट बघायला वेळ होता. घाई माणसांना होती, धोक्याला नव्हती. आणि हात इतके होते, की एकालाही तो आपला वाटला नाही.

भटक्यांची माणसं आता गावात शिरताना आधी आधार कार्ड काढून दाखवतात. कागद मागायची चाल जुनीच म्हणा. ज्या मुक्ताईच्या नावावरून एदलाबादचं मुक्ताईनगर झालं, तिला आणि तिच्या भावांनाही पैठणहून शुद्धिपत्र आणा म्हणून सांगितल्याची कथा आपण कीर्तनात ऐकतो आणि डोळे पुसतो. बाहेर पालापाशी आलो की पुन्हा, दाखव रे कागद. तरी कागद मागणारा समोर उभा असतो, त्याला तोंड असतं. हे मी जमेला धरतो.

आणखी एक आहे, ते गावात कुणी मोठ्यानं बोलत नाही. रावेर, यावल, मुक्ताईनगर या पट्ट्यात अधूनमधून बातमी येते: रात्रीतून कुणीतरी केळीचा बाग कापून टाकला. हातातोंडाशी आलेले घड, शेकडो खोडं आडवी. चोरी नाही, काही नेलेलं नाही, नुसती कत्तल. हे सोलापूरहून आलेला भिक्षेकरी करत नाही. बांधाचं भांडण, निवडणुकीचा राग, भाऊबंदकी, असलंच काहीतरी असतं. धनी बागेत डोक्याला हात लावून बसतो, चार जण जमतात, आणि चौघांच्याही मनात एकच नाव येतं. तिथं मात्र सगळे विचारी होतात. पुरावा पाहिजे म्हणतात. उगाच कुणाचं नाव घेऊ नये म्हणतात, आणि ते बरोबरच म्हणतात. ठाण्यात फिर्याद होते ती अज्ञात इसमाविरुद्ध. मग कुणीतरी म्हणतं, रस्त्यावर कॅमेरा लावायला पाहिजे, हायवेकडून कोण येतं कोण जातं ते दिसेल.