टाचेमागचा पट्टा

दुसऱ्याच्या चपलेला हात लावल्यानं माणूस लहान होतो का? चाळिशी उलटेपर्यंत हा प्रश्न मला पडला नव्हता. बँकेत साहेबांपुढं वाकण्यातच कंबर गुंतलेली.

परवा आमच्या हिनं चप्पल लाईनीतून नव्या तऱ्हेचं कोल्हापुरी पायताण आणलं. पुढं नेहमीची वेणी, मागं टाचेभोवती पट्टा. "वहिनी, पट्टा हाय, पाय सुटायचा न्हाई," असं दुकानदारानं सांगितलेलं. खरंच सुटेना. साधी कोल्हापुरी देवळाच्या दारात उभ्या उभ्या सरकवता येते. हिला वाकून बक्कल काढावं लागतं. अंबाबाईचं दर्शन घेऊन बाहेर आलो, तर हिचा गुडघा धरलेला. पाय पुढं करून म्हणाली, "अहो, तेवढा पट्टा लावा की!"

भर महाद्वारात! इकडंतिकडं पाहिलं. ओळखीचे तीन खातेदार हजर. (ओळखीचं कुणी दिसत नाही ते फक्त उसने पैसे हवे असताना.) शेवटी वाकलो, पट्टा लावला आणि हात धुवायला नळ शोधू लागलो.

"कशाला? पाय माझेच आहेत ना?" ही म्हणाली.

मी गप्प. जून 2025 मध्ये मिलानच्या फॅशन शोत प्राडानं आधी कोल्हापूरचं नाव न घेता तसलीच चप्पल मिरवली, तेव्हा "चप्पल आमची!" म्हणून बँकेत सर्वांत मोठ्यानं मीच ओरडलो होतो. 2019 च्या जीआय मानांकनाचा दाखलाही दिला होता. चप्पल आमची; पण कातडं कमावणारा, टाका घालणारा हात? त्याला पिढ्यान्‌पिढ्या लांब ठेवलं, कारण तो चामड्याला लागला. अभिमान आमच्या खाती जमा, कमीपणा त्यांच्या नावे! असला ताळेबंद मीच बेधडक मांडत आलो होतो. याच गावात शंभरावर वर्षांपूर्वी शाहू महाराजांनी गंगाराम कांबळेंच्या हॉटेलात चहा पिऊन तो खोडून दाखवला; आणि मी नळ शोधत होतो.

हिनं प्रसादाचा पेढा पुढं केला. त्याच हातानं घेतला. एका पेढ्यानं जुनी बाकी फिटत नाही, एवढं कॉमर्सवाल्याला कळतं. पण खातं तरी उघडलं.

आता हिचा गुडघा बरा आहे. पाय मात्र अजून पुढंच येतो.