अंधाराचा वाटा

शिरोड्याला लागूनच आरवली. तिथल्या वेतोबाची मूर्ती माणसाहून पुष्कळ उंच. देव उभा आहे. उजव्या हातात तलवार, डाव्या हातात अग्निपात्र. समईची ज्योत हलली की त्याच्या गालावरची सावलीही हलते आणि देवाने आताच मान किंचित वळवली असे वाटून जाते. विजेच्या पांढऱ्या उजेडात तोच चेहरा जास्त स्पष्ट दिसतो, पण स्तब्ध होतो. जास्त दिसणे आणि नीट दिसणे या दोन गोष्टी वेगळ्या आहेत, हे मी त्या गाभाऱ्यासमोर शिकलो.

मूर्ती घडते ती उंचवट्यांनी आणि खळग्यांनी. उंचवट्यांना उजेड हवा, खळग्यांना सावली. समोरून प्रखर झोत टाकला की सावल्या पुसल्या जातात आणि शिल्पाचे चित्र होते. आपल्या चौकांतल्या पुतळ्यांना बहुधा चौथऱ्यापाशी दिवे लावतात, झोत वर करून. पण सूर्य डोक्यावरून उजेड देतो आणि माणसाचा चेहरा तशाच उजेडात वाचायची आपल्या डोळ्यांना सवय असते. खालून उजेड आला की हनुवटी उजळते, भुवयांच्या सावल्या कपाळावर चढतात आणि सौम्य मुद्राही उग्र होते. मुख्य दिवा वरून आणि एका बाजूने हवा, दुसऱ्या बाजूने मंद. कांस्याला ३००० केल्विनच्या आसपासचा पिवळसर उजेड शोभतो. निळसर पांढऱ्या उजेडात त्याची ऊब जाते.

आपल्या देवळांपुढची दीपमाळ हे तर उजेडासाठीच घडवलेले शिल्प. त्रिपुरी पौर्णिमेला ती पणत्यांनी उजळते आणि एरवी काळोखात स्वस्थ उभी असते. वर्षभराच्या त्या काळोखामुळेच त्या एका रात्रीला तेज येते.

किनाऱ्यावर तर हा काळोख कुणाचा तरी आधार असतो. वेंगुर्ल्याजवळ वायंगणीच्या वाळूत ऑलिव्ह रिडले कासवे अंडी घालतात. पिल्ले बहुतेक रात्री बाहेर येतात आणि जिकडे क्षितिज अधिक उजळ, तिकडे धावतात. निसर्गाच्या हिशेबात ती दिशा समुद्राची. किनाऱ्यावर झगमगाट केला की ती उलट जमिनीकडे वळतात.

मालवणला राजकोट किल्ल्यावर डिसेंबर २०२३ मध्ये अनावरण झालेला शिवछत्रपतींचा पुतळा २६ ऑगस्ट २०२४ रोजी कोसळला. पुढच्या वर्षी तिथे ६० फुटी नवा पुतळा उभा राहिला. त्या निमित्ताने मजबुतीची चर्चा झाली, आणि ती व्हायलाच हवी होती. पण समुद्राकाठचा पुतळा रात्री कसा दिसावा, हाही आदराचाच प्रश्न आहे. दिव्यांना आडोसा हवा, झोत मूर्तीपुरताच हवा, खाऱ्या वाऱ्यात टिकणारी जोडणी हवी आणि मध्यरात्रीनंतर दिवे मालवायची तयारीही हवी. दिवे मालवल्याने कुणाचा मान कमी होत नाही.

वेतोबा रात्री गावाची राखण करत फिरतो, अशी इथल्या माणसांची श्रद्धा आहे. फिरून त्याच्या वहाणा झिजतात, म्हणून भाविक त्याला नव्या वहाणा वाहतात. ती राखण होते ती काळोखातच. म्हणून पुतळ्याला दिवे लावणाऱ्यांना एवढेच सांगणे आहे: आधी एक रात्र तिथे दिव्यांवाचून उभे राहा, आणि मग ठरवा, किती उजेड पुरे आहे.