क्षमा केली, मग तपासणी कशाला?



दारूच्या आहारी गेलेल्या माणसाच्या हाती विमान द्यावे काय? आपण चटकन 'नाही' म्हणू. पण नोकरी जाईल या धास्तीने तो व्यसन लपवून उडतच राहिला तर?

म्हणून अमेरिकेत १९७४ साली वैमानिकांसाठी 'हिम्स' हा उपक्रम सुरू झाला. आधी उपचार, मग अचानक होणाऱ्या तपासण्या, सहकाऱ्यांची देखरेख. आणि निभावले तर पुन्हा विमान. कॅप्टन लाइल प्राउज १९९० साली नशेत प्रवासी विमान चालवून तुरुंगात गेले. व्यसनमुक्त होऊन त्याच कंपनीत ते पुन्हा वैमानिक झाले. २००१ साली राष्ट्राध्यक्ष क्लिंटन यांनी त्यांना माफी दिली.

क्षमा केली, मग तपासणी कशाला, असे कुणी विचारील. आम्हांला वाटते, क्षमा आणि विश्वास या वेगळ्या गोष्टी आहेत. क्षमा एका क्षणात देता येते. विश्वास पुन्हा बसायला वर्षे लागतात. शिवाय मागे बसलेल्या प्रवाशांच्या वतीने विश्वास टाकण्याचा अधिकार आपल्याला नाहीच.

एक मात्र खटकते. 'तपासणीला तयार हो, नाहीतर घरी बस' अशा वेळी दिलेली संमती कितपत मोकळी? पूर्ण मोकळी नव्हेच. पण बाटली समोर असताना 'नको' म्हणण्याइतकी मोकळीक तरी त्याला कुठे होती?