आखाजीची घागर आणि पणजोबांची वही



आजचं वाचन आदिपर्वातलं, ययातीच्या आख्यानातलं. शर्मिष्ठा ही असुरांचा राजा वृषपर्वा याची मुलगी, देवयानी त्याच्या गुरूंची, शुक्राचार्यांची. कपड्यांवरून भांडण झालं आणि शर्मिष्ठेने देवयानीला कोरड्या विहिरीत ढकललं. शुक्राचार्य राजाकडे जाऊन जे बोलतात, त्याचा भाव असा: अधर्माचं फळ लगेच मिळत नाही. करणाऱ्याला नाही दिसलं तर मुलांना दिसतं, मुलांना नाही तर नातवंडांना.

इथे आपल्यासारख्यांना प्रश्न पडतोच. ज्याचं कर्म त्याला, हे लहानपणापासून ऐकलंय ना? वाल्या कोळ्याच्या बायकामुलांनीही तेच सांगितलं होतं, की तुझ्या पापात आम्ही वाटेकरी नाही. मग नातवाचा काय संबंध?

एक खरी घटना सांगते. जॉन ग्लॅडस्टन हा स्कॉटलंडमधल्या लीथ गावचा माणूस. पुढे लिव्हरपूलचा मोठा व्यापारी झाला. दक्षिण अमेरिकेच्या किनाऱ्यावर, अटलांटिक महासागराच्या बाजूला डेमेरारा म्हणून वसाहत होती (आजच्या गयानात). तिथे त्याचे उसाचे मळे होते आणि त्या मळ्यांवर आफ्रिकेतून आणलेले गुलाम. १८३३ मध्ये ब्रिटिश पार्लमेंटने गुलामगिरी बंद करण्याचा कायदा केला आणि दोन कोटी पौंड भरपाई ठरवली. ती मिळाली मालकांना. गुलामांना एक पैसाही नाही. सर्वात मोठ्या रकमा घेणाऱ्यांत हा जॉन होता. त्याचा मुलगा विल्यम पुढे चार वेळा ब्रिटनचा पंतप्रधान झाला.

गुलाम सुटले, आता ऊस कोण तोडणार? जॉनने कलकत्त्याहून मजूर मागवले. १८३८ मध्ये 'व्हिटबी' आणि 'हेस्परस' या दोन जहाजांतून गिरमिटिये डेमेराराला पोचले. त्यांच्यात छोटा नागपूरच्या डोंगरांतले आदिवासीही होते. म्हणजे ही गोष्ट आपल्यापासून वाटते तेवढी लांबची नाही.

भरपाई घेणाऱ्या मालकांच्या नोंदी लंडनच्या एका विद्यापीठाने इंटरनेटवर खुल्या केल्या आहेत. आज स्कॉटलंडमधला कुणीही आपलं आडनाव टाकून बघू शकतो. २०२३ च्या ऑगस्टमध्ये ग्लॅडस्टन घराण्यातली काही माणसं गयानाला गेली आणि त्यांनी जाहीर माफी मागितली. शुक्राचार्यांनी म्हटलेली नातवंडंच म्हणा ना. टीकाही झाली. कुणी म्हणालं नाटक आहे, कुणी म्हणालं रक्कम किती ते बोला.

आपल्याकडे अशी वेबसाइट नाही. आपल्याकडे वही असते.

आमच्या गावच्या घरात, जळगाव जिल्ह्यात, पणजोबांची एक लाल कापडात बांधलेली वही आहे. मोडीत आणि बाळबोधीत मिसळून लिहिलेली. त्यात कापूस आहे, बियाणं आहे, बैलजोडी आहे आणि सालदार आहेत. नाव, पुढे 'भिल', पुढे उचल, पुढे बाकी. दोन-तीन नावांसमोर पुढच्या पानांवर मुलाचं नाव येतं. बापाची बाकी तीच, कामाला मुलगा.

खान्देशात न वाढलेल्यांसाठी सांगते. सालदार म्हणजे वर्षाच्या बोलीवर शेतात राबणारा गडी. त्याचं साल आखाजीला, म्हणजे अक्षय तृतीयेला संपतं आणि नवीन साल त्याच दिवशी ठरतं. आता हा नीट समजून घ्यायचा मुद्दा. सगळी सालदारकी म्हणजे गुलामी नव्हे. आज तर चांगला सालदार मिळणं मुश्कील, त्याच्या अटी शेतकरी ऐकतो. पण जुन्या काळात उचल फिटत नसे, व्याज चढे, साल संपलं तरी माणूस सुटत नसे. याला वेठबिगारी म्हणतात. तिच्यावर कायद्याने बंदी आली ती थेट १९७५ च्या ऑक्टोबरमधल्या वटहुकमाने, आणि १९७६ मध्ये त्याचा कायदा झाला. त्या कायद्याने अशी सगळी कर्जं रद्द ठरवली.

आणि आखाजी आणखी कशाची असते? पितरांची. घागर भरायची, तिच्यावर डांगर ठेवायचं, आमरस-पुरणपोळीचा नैवेद्य, निखाऱ्यावर आगारी. माहेरवाशिणी झोक्यावर गाणी म्हणतात ते अंगणात. घरात आजोबा-पणजोबांची नावं घेऊन पाणी सोडतात. ओसरीवर, त्याच सकाळी, सालदाराचा हिशेब. एकाच घरात, एकाच दिवशी ही दोन खाती उघडली जात होती आणि कुणाला त्यात काही खटकलं नाही. मला मात्र यंदा खटकतंय.

गंमत बघा, 'बापाचं कर्ज मुलाने फेडावं' हे आपल्या स्मृतींनीच सांगितलंय. दारू-जुगाराचं सोडून बाकीचं मुलाने, नातवानेसुद्धा फेडायचं. इंग्रजांच्या कोर्टांनी तो नियम उचलून धरला. हिंदू वारसा कायद्यातल्या २००५ च्या दुरुस्तीने पुढच्या कर्जांपुरतं हे बंधन काढलं. म्हणजे देणं रक्तातून उतरतं हे आपण शतकानुशतकं मान्य केलं होतं. फक्त ते भिल्लाच्या पोरावर उतरायचं. सावकाराच्या नातवावर काय उतरतं, हे त्या वहीत लिहायला रकानाच नव्हता.

मला वाटतं, शुक्राचार्य आणि कर्मसिद्धांत यांच्यात भांडण नाहीच. पणजोबांचं पाप माझं नाही. ते माझ्या जन्माआधी झालं, त्याचा भोग त्यांचा. पण त्यांनी ठेवून घेतलेलं माझ्याकडे आहे. ज्या शेताच्या कापसावर आजोबा शिकले, बाबा इंजिनियर झाले, मी पुण्यात बसून हा ब्लॉग लिहितेय, ते शेत कुणाच्या न फिटलेल्या उचलीवर पिकलं? वाल्याच्या घरच्यांनी पापाचा वाटा नाकारला. लुटीचा माल परत केल्याचं मात्र कुठे ऐकलं नाही.

कुणी म्हणेल, कायदा आहे ना. आहे. आदिवासींच्या जमिनी परत करण्याचा महाराष्ट्राचा कायदा १९७४ चा आहे, पण तो १ एप्रिल १९५७ नंतरच्या व्यवहारांना लागतो. पणजोबांचं सगळं त्याच्या आधीचं. वकील म्हणेल, निर्धास्त राहा. संत काय म्हणतील?

तुकोबांच्या घरी सावकारी वाडवडिलांपासून होती. १६३० च्या दुष्काळानंतर त्यांनी काय केलं ते आपण कीर्तनात ऐकतो: लोकांकडून येणं असलेली खतं इंद्रायणीत बुडवली. गाथा तेरा दिवसांनी वर आली हे सगळ्यांना पाठ असतं. खतं वर आली नाहीत, आणि कुणी यावीत म्हणून धरणंही धरलं नाही! त्यांनी ती कर्जं स्वतः दिलेली होती का वडिलांनी, हा हिशेब त्यांनी केला नाही. हातात आली होती, एवढं पुरलं.

आपल्या भागातही हा विषय भक्तीतूनच उठला. १९३० च्या दशकात तळोद्याजवळच्या मोरवडला संत गुलाम महाराज झाले. दारू सोडा म्हणाले, आरतीला लोक जमवले, आणि एकमेकांना 'आप' म्हणायला शिकवलं. ज्यांना पिढ्यान्‌पिढ्या 'ए गड्या' म्हणून हाक मारली गेली, त्यांनी एकमेकांना 'आप' म्हणायचं. मला हे कुठल्याही मोठ्या भाष्याइतकं मोठं वाटतं. पुढे १९७० च्या दशकाच्या सुरुवातीला शहाद्यात (तेव्हा धुळे जिल्हा) अंबरसिंग महाराज आणि श्रमिक संघटनेने सालदारांच्या मजुरीचा आणि गेलेल्या जमिनींचा प्रश्न रस्त्यावर आणला.

आता मी काय करायचं ठरवलंय, ते लिहिते. तर्पणात आपल्या नात्यातले नसलेल्यांनाही पाणी देतात, ही सोय शास्त्रातच आहे. म्हणून आखाजीला वहीतली ती नावंही घ्यायची. पण नुसतं पाणी सोडणं स्वस्त आहे, हे मलाही कळतं. त्यांतल्या एकाचा नातू गावातच आहे, त्याची मुलगी धुळ्याला नर्सिंगला आहे असं ऐकलंय. आधी त्यांच्या घरी जायचं, त्यांना हवं असेल तर वही वाचून दाखवायची, आणि त्यांचं काय म्हणणं आहे ते ऐकायचं. 'मदत' हा शब्द वापरायचा नाही. देणं फेडणाऱ्याने मदत केली म्हणू नये.

काकांना पटलेलं नाही. 'मेलेल्या माणसाची वही उघडून काय मिळणार, त्या काळी सगळेच तसं करत होते,' असं ते म्हणतात. त्यांचं दुसरं वाक्य खोटं नाही. मी त्यांना ययातीचा पुरू आठवून दिला. बापाचं म्हातारपण घ्यायला चार भाऊ नाही म्हणाले, तो हो म्हणाला. आणि तो पुरू त्याच शर्मिष्ठेचा, दासी झालेल्या आईचा मुलगा. काका हसले, म्हणाले, नाही म्हणणाऱ्या यदूच्या कुळातच कृष्ण झाला, ते विसरलीस का? मला उत्तर सुचलं नाही.

तुकोबांनीही सगळी खतं बुडवली नव्हती. अर्धी धाकट्या भावाच्या, कान्होबांच्या वाट्याची होती, ती त्यांनी ठेवून घेतली. तेच कान्होबा पुढे तुकोबांच्या वियोगात अभंग रचून रडले. आमच्या घरात अजून वाटणी झालेली नाही. वही काकांच्या कपाटात आहे, आणि किल्ली देणार नाही असं काही ते म्हणाले नाहीत.