वाल्याच्या बायकोचं उत्तर

चाकणच्या कारखान्यात एकोणीस वर्षं मी भिंगाखाली पीसीबी, म्हणजे सर्किट बोर्ड, तपासते. सोल्डर नीट धरलंय का, भाग सरळ बसलाय का. त्यांत तांदळाच्या दाण्याएवढा एक पिवळा भाग असतो, टँटलम कपॅसिटर. त्याच्या एका टोकाला पट्टा असतो, ती प्लसची बाजू. उलटा बसला तर जळतो, म्हणून माझी नजर आधी त्याच्यावर जाते.

हा टँटलम येतो कुठून, ते लेकीच्या कॉलेजच्या प्रकल्पामुळे कळलं. कोल्टन नावाच्या काळ्या, जड दगडातून. पूर्व काँगोत तो बराच सापडतो. तिथेच काहुझी-बिएगाचं जंगल आहे, ग्राउअर गोरिलांचं घर. 2000 च्या सुमारास कोल्टनचा भाव एकदम चढला आणि माणसं कुदळी-फावडी घेऊन जंगलात शिरली. युद्ध चालू होतं, पोटाला काही नव्हतं, बंदुका मात्र होत्या. गोरिला मारून खाल्ले गेले. 1990 च्या दशकात ग्राउअर गोरिला एकूण सुमारे 17,000 असावेत असा अंदाज होता, 2021 मध्ये तो 6,800 वर आला.

मी माहितीपट बघितला. एवढा धिप्पाड प्राणी, पण पाला, देठ, बांबूचे कोंब खाऊन राहतो. रोज संध्याकाळी फांद्या-पानं वाकवून नवं अंथरूण करतो. पाठ रुपेरी झालेला नर उठला की बायका-पोरं त्याच्यामागे निघतात. आणि एक गोष्ट संशोधकांनी 2019 मध्ये लिहिली, ती माझ्या मनातून जात नाही. याच काहुझी-बिएगात एका कळपाला वाटेत एक नर मरून पडलेला दिसला. तो त्यांचा नव्हता, परका होता. तरी ते थांबले, त्याच्याभोवती बसले, टक लावून बघत राहिले. कुणी हुंगलं, कुणी चाटलं, कुणी त्याचे केस साफ केले.

मी माउलींच्या पालखीबरोबर पाच वेळा चाललेय. वाल्ह्याचा मुक्काम आला की वाल्या कोळ्याची गोष्ट निघते. एकेका खुनाचा एकेक खडा, असे सात रांजण भरले. नारदांनी विचारलं, तुझ्या पापात घरचे वाटेकरी होतील का? तो घरी आला. बायको म्हणाली, आम्हाला पोसणं तुझं काम, पाप तुझं तू बघ. इथून पुढे सगळे वाल्याच्या मागे जातात, नामस्मरणाकडे, वारुळाकडे. बायको मागे दारातच उभी राहते. तिने खाल्लेल्या भाकरीचं काय झालं, ते कुणी सांगत नाही.

आळंदीला एका महाराजांना मी विचारलं, मग माझ्या भिंगाखालच्या त्या भागाचं पाप कुणाचं? ते प्रेमाने म्हणाले, "माउली, कर्म ज्याचं त्याचं. तुमच्या हातून हिंसा झाली नाही, मन का जाळता?" त्यांच्याबद्दल आदर आहे, पण मला हे पटलं नाही. असं मानलं तर सगळं पाप त्या चिखलात कमरेइतकं उभं राहून खणणाऱ्या उपाशी माणसाच्या डोक्यावर जातं, आणि साखळीत वरवर येऊ तसं कमी होत होत माझ्या टेबलापाशी काहीच उरत नाही. पगार तर उरतो. त्यातून लेकीची फी भरली. परक्याच्या प्रेताशी थांबायला त्या कळपाला नातं लागलं नाही. मला 'माझा काय संबंध' म्हणायला एकोणीस वर्षं काहीच जड गेलं नाही.

काम सोडणार नाही. सोडलं तर तो भाग दुसरीच्या भिंगाखाली जाईल. पण साहेबांना विचारलं, हा माल कुठल्या खाणीतला? त्यांनी खरेदी विभागाला लिहिलं. पुरवठादाराचा कागद आला, त्यावर धातू गाळणाऱ्या भट्ट्यांची नावं आहेत, खाणीचं नाही. मी पुन्हा विचारलंय.

या कपॅसिटरच्या एका रिळात 2,000 नग असतात. रीळ लावताना काही खाली सांडतात. ते वापरायचे नसतात, स्क्रॅपमध्ये जातात. पूर्वी आम्ही ते झाडूने लोटायचो. आता लाइनवरच्या दोघी रीळ लावताना खाली ट्रे धरतात. बुधवारी सुटताना मोजले, आठवड्याचे अकरा सांडले होते.